बॅटरीत करंट नसतो : विजेच्या धड्याची सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : मुलीला शाळेत विजेचा धडा चालू आहे. सूत्रं पाठ आहेत, गणितंही सुटतात, पण 'मला यातलं काहीच कळलेलं नाही' असं ती म्हणते आणि मलाही नीट सांगता येत नाही. म्हणून आम्ही सेल, टॉर्चचे छोटे बल्ब, लाल एलईडी आणि एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणला. दोन सेलवर एक बल्ब छान पेटला, पण त्याच्याच पुढे दुसरा जोडल्यावर दोन्ही मिणमिणते झाले. तिने विचारलं, 'पहिल्या बल्बने करंट वापरला, मग दुसऱ्याला तेवढाच कसा मिळाला?' एलईडी नऊ व्होल्टच्या बॅटरीला लावला तर एकदा लखकन चमकून कायमचा गेला. बॅटरीत करंट किती आहे ते बघायला मीटरचे प्रोब तिच्या दोन टोकांना लावले, तेव्हापासून मीटर व्होल्टेज दाखवतो पण करंट कायम शून्य. आणि स्विच बंद असताना त्याच्यावर तीन व्होल्ट दिसतात, चालू केला की शून्य! उलट व्हायला नको का? सुरुवात नेमकी कुठून करू?
— एक आई

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात चार अडचणी दिसतात, पण त्यांचं मूळ एकच आहे. वीज बॅटरीतून निघते, तारेतून चालत जाते, वाटेत पहिला बल्ब लागतो, मग दुसरा, आणि उरलीसुरली परत येते, असं चित्र आपल्या मनात असतं. ते सोडल्याशिवाय हा धडा कळत नाही. सर्किट म्हणजे एक पूर्ण फेरा. त्यात कुठेही बदल केला की सगळ्या फेऱ्यातला करंट बदलतो. त्यामुळे 'आधी कोण, नंतर कोण' या प्रश्नाला इथे अर्थच उरत नाही.

आपली बोली या गोंधळात भर घालते. 'बॅटरीत करंट आहे का बघ', 'करंट लागला', 'करंट कमी येतोय' यांत आपण व्होल्टेज, करंट आणि ऊर्जा या तिन्हींना एकच शब्द वापरतो. त्याहून मोठा घोटाळा 'बंद' या शब्दाचा आहे. घरात आपण 'स्विच बंद' म्हणतो तेव्हा फेरा तुटलेला असतो. पुस्तकात 'बंद परिपथ' म्हणतात तेव्हा फेरा पूर्ण झालेला असतो आणि करंट वाहत असतो. तोच शब्द, अर्थ बरोबर उलटा. मुलीला हे आधी सांगून टाका, तिचा निम्मा वैताग इथेच कमी होईल. या उत्तरात मी स्विचबद्दल बोलताना घरातलाच अर्थ घेतला आहे.

पहिला प्रयोग विजेशिवाय करा. चार-पाच मीटर सुती दोरी घ्या, टोकं बांधून तिचा फेरा करा. मुलीने एका बाजूने दोरी हातावर हात घेत सारखी फिरवत ठेवायची आणि तुम्ही समोर बसून ती बोटांमधून सैल जाऊ द्यायची. आता बोटं थोडी आवळा. तुमच्याजवळचीच दोरी मंदावते का? नाही, सगळा फेरा एकदम मंदावतो. तुमच्या बोटांशी जेवढी दोरी येते तेवढीच पुढे जाते, एक इंचही कमी होत नाही. तरी बोटं गरम होतात आणि मुलीचे हात दमतात. दोरीचा वेग म्हणजे करंट, मुलीचा जोर म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज, तुमची बोटं म्हणजे बल्बचा रोध. खर्च होते ती ऊर्जा, दोरी नव्हे. तिच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे : पहिला बल्ब करंट वापरत नाही, तो करंटबरोबर आलेल्या ऊर्जेतला वाटा घेतो. दोन बल्ब एकामागोमाग असले की दोघांतून करंट तेवढाच जातो आणि ऊर्जा मात्र वाटली जाते. दोरीची उपमा फाटे फुटलेल्या सर्किटला लागू पडत नाही, तिथे ती सोडून द्या.

दोरीने आणखी एक गोष्ट सुटते. तारेतले इलेक्ट्रॉन फार हळू सरकतात. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत ०.३ अँपिअर करंट असेल तर ते तासाला साधारण ८ सेंटिमीटर पुढे जातात. तरी स्विच दाबताक्षणी बल्ब लागतो, कारण तार मुळात इलेक्ट्रॉनांनी भरलेलीच असते आणि सगळ्या फेऱ्याला जोर जवळजवळ एकाच वेळी लागतो. बॅटरीतून निघालेला इलेक्ट्रॉन बल्बपर्यंत पोहोचायची वाट कोणी बघत नाही. मुलगी विचारेलच म्हणून सांगते : इलेक्ट्रॉन ऋण टोकाकडून धन टोकाकडे सरकतात आणि पुस्तकातला करंटच्या दिशेचा बाण मात्र धनाकडून ऋणाकडे असतो. धन आणि ऋण ही नावं अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन यांनी दिली, इलेक्ट्रॉनचा शोध ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. जे. थॉमसन यांना १८९७ साली लागला. तोवर बाण ठरून गेला होता. हिशेब दोन्ही दिशांनी सारखाच येतो, तेव्हा पुस्तकातला बाणच धरून चला.

आता तीन राशी नीट वेगळ्या करू. करंट एका जागी मोजतात : तारेतल्या त्या जागेतून सेकंदाला किती विद्युतभार गेला. व्होल्टेज कधीच एका जागी नसतं, ते दोन जागांमध्ये असतं. त्या दोन जागांमधून एक कूलोंब भार जाताना किती ज्यूल ऊर्जा दिली किंवा घेतली गेली, ते म्हणजे व्होल्ट. 'या तारेत किती व्होल्ट आहेत' हा प्रश्न अर्धवट आहे, 'कशाच्या तुलनेत' हे विचारावंच लागतं. आणि रोध हा वस्तूचा गुण : एवढं व्होल्टेज दिलं तर ती किती करंट जाऊ देईल. या तिघांना बांधणारं नातं गेओर्ग ओहम यांनी १८२७ साली मांडलं : व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रोध. मुलीला हे सूत्र पाठ आहेच. फक्त तिला सवय लावा की सूत्र वापरताना तिन्ही आकडे एकाच वस्तूचे हवेत. बॅटरीचे व्होल्ट आणि एका बल्बचा रोध एकत्र घालून काढलेलं उत्तर चुकतं, आणि गणितातल्या बहुतेक चुका इथेच होतात.

मीटर आधी दुरुस्त करा

तुमच्या मीटरचा बहुधा फ्यूजच उडाला आहे. बॅटरीत करंट साठवलेला नसतो, त्यामुळे 'बॅटरीतला करंट' मोजता येत नाही. बॅटरी दोन टोकांमध्ये व्होल्टेज टिकवून धरते. करंट किती जाईल ते तुम्ही तिला काय जोडता त्यावर ठरतं. मीटर करंटच्या मापावर असताना त्याचा स्वतःचा रोध मुद्दाम अगदी कमी ठेवलेला असतो, म्हणजे सर्किटमध्ये घातल्यावर त्याने अडथळा करू नये. असा मीटर थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावणं म्हणजे जवळजवळ जाड तारेने टोकं जोडणंच. मिलिअँपिअरच्या मापाला लहान फ्यूज असतो, बऱ्याच साध्या मीटरमध्ये २०० मिलिअँपिअरच्या आसपासचा, आणि तो आपलं काम करून गेला. व्होल्टेज मोजण्याची वाट त्या फ्यूजमधून जात नाही, म्हणून ते माप अजून बरोबर येतं.

दोन्ही प्रोब काढा, मागचे स्क्रू सोडून झाकण उघडा, काचेच्या नळीचा फ्यूज बाहेर काढा. त्याच्या धातूच्या टोपीवर किंवा खाली छापील पाटीवर आकडा असतो. नेमका त्याच अँपिअरचा, त्याच व्होल्टचा आणि त्याच प्रकारचा फ्यूज बसवा. चॉकलेटची चांदी, तारेचा तुकडा किंवा मोठा फ्यूज चालणार नाही. पुढच्या चुकीला मग आतली पट्टी किंवा तुमचा हात भाजेल. दहा अँपिअरचं वेगळं सॉकेट असतं त्याच्याजवळ काय छापलंय तेही वाचून ठेवा. बऱ्याच स्वस्त मीटरमध्ये त्या वाटेला फ्यूजच नसतो.

मोजायचे नियम तीनच आहेत, पण ते हाताला लागायला हवेत. व्होल्टेज मोजताना सर्किट तोडायचं नाही. वस्तूच्या दोन बाजूंना प्रोब टेकवायचे. या मापावर मीटरचा रोध एक किंवा दहा मेगाओहम असतो, त्यामुळे तो सर्किटला जवळजवळ जाणवतच नाही. करंट मोजताना सर्किट एका जागी तोडायचं आणि त्या फटीत मीटर घालायचा, म्हणजे फेरा मीटरमधून पूर्ण होतो. रोध मोजताना बॅटरी काढून टाकायची आणि वस्तूचं निदान एक टोक सर्किटमधून सोडवायचं, नाहीतर मीटर बाकीच्या वाटांचाही रोध त्यात धरतो. बल्बसाठी दहा अँपिअरचं सॉकेट आणि तेच माप वापरा, कारण तुमचे बल्ब ०.३ अँपिअरच्या आसपास घेत असतील तर मिलिअँपिअरचा फ्यूज पुन्हा उडेल.

बल्बचे प्रयोग

दोन सेलच्या टॉर्चच्या बल्बवर साधारण '२.५ व्होल्ट, ०.३ अँपिअर' असं कोरलेलं असतं. तीन व्होल्टसाठी बल्ब अडीचचा का, हा प्रश्न चांगला आहे. बल्ब न जोडता दोन नव्या सेलचं व्होल्टेज मोजा, ३.१-३.२ येईल. बल्ब पेटलेला असताना तेच पुन्हा मोजा, ते खाली आलेलं दिसेल. सेलला स्वतःचाही थोडा रोध असतो आणि करंट वाहू लागला की काही व्होल्ट आतच खर्च होतात. समजा ३.१ चे २.९ झाले आणि करंट ०.३२ अँपिअर आला, तर फरक ०.२ भागिले ०.३२, म्हणजे दोन्ही सेलचा मिळून आतला रोध सुमारे ०.६ ओहम. जुन्या सेलमध्ये हा रोध वाढलेला असतो. म्हणूनच उतरलेला सेल नुसत्या मीटरवर १.४ व्होल्ट दाखवतो आणि बल्ब लावताच कोसळतो. सेल चांगला आहे का हे नेहमी काहीतरी पेटतं ठेवून तपासा, रिकामं माप फसवतं.

आता दोन बल्ब एकसर, म्हणजे एकामागोमाग, जोडा आणि मीटर तीन जागी घालून बघा : पहिल्या बल्बच्या आधी, दोघांच्या मधे, दुसऱ्याच्या नंतर. दर वेळी आकडा लिहून घ्या. तिन्ही ठिकाणी सारखाच करंट येईल, साधारण ०.२ अँपिअरच्या आसपास. शेवटच्या दशांश स्थळात एकदोनचा फरक पडला तर तो मीटरचा किंवा उतरत्या सेलचा. तिच्या प्रश्नाचं उत्तर तिला स्वतःच्या वहीत, स्वतःच्या अक्षरात मिळू द्या. माझ्या वाक्यापेक्षा ते जास्त टिकेल. मग प्रत्येक बल्बवरचं व्होल्टेज मोजा. दोन बल्बांची बेरीज सेलच्या त्या वेळच्या व्होल्टेजइतकी येईल. फेऱ्यात जेवढं व्होल्टेज दिलं जातं तेवढंच सगळ्या वस्तूंवर मिळून खर्च होतं, हा गुस्ताव किरखॉफ यांनी १८४५ साली मांडलेल्या दोन नियमांपैकी एक.

हुशार मुलीला इथे एक गोष्ट खटकेल. दोन बल्ब म्हणजे दुप्पट रोध, तर करंट निम्मा व्हायला हवा, ०.१५. मग ०.२ कसा? कारण बल्बचा रोध ठरलेला नसतो. पूर्ण पेटलेल्या बल्बचा रोध २.५ भागिले ०.३, म्हणजे ८ ओहमच्या वर असतो. तोच बल्ब काढून, थंड असताना मीटरने मोजा : एक ओहमच्या आसपास येईल. (आधी दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून त्यांचा स्वतःचा रोध बघा आणि तो वजा करा.) टंगस्टन तापलं की त्याचा रोध जवळजवळ दसपट होतो. एकसर जोडणीत तार कमी तापते, रोध कमी राहतो, म्हणून करंट अपेक्षेपेक्षा जास्त. आणि प्रकाश मात्र निम्म्याहून खूपच कमी, कारण कमी तापलेली तार बहुतेक ऊर्जा उष्णता म्हणून टाकते, प्रकाश म्हणून नाही. नियम अचूक बघायचा असेल तर बल्बऐवजी १००-१०० ओहमचे दोन रोधक (ठरलेल्या रोधाचे छोटे, दोन पायांचे तुकडे) लावा, करंट बरोबर निम्मा होईल. तिथे तो १५ ते ३० मिलिअँपिअर असल्यामुळे मिलिअँपिअरचं माप वापरता येईल.

समांतर जोडणीवर मी फार वेळ घालवणार नाही, ती तुलनेने सोपी आहे. दोन्ही बल्बांची टोकं त्याच दोन जागांना जोडलेली असतात, म्हणून दोघांना पूर्ण व्होल्टेज मिळतं आणि दोन्ही तेजस्वी पेटतात. सेलमधून निघणारा करंट मात्र दोघांची बेरीज असतो, ०.६ च्या आसपास, आणि सेल तेवढे लवकर उतरतात. मुलांना विचित्र वाटतं की बल्ब वाढवला तर एकूण रोध कमी कसा झाला. वाट वाढली, एवढंच. चार-पाच बल्ब समांतर लावले की सगळेच मंद होतील; ते सेलच्या त्या आतल्या ०.६ ओहममुळे.

स्विचवरचे तीन व्होल्ट

हे कोडं तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं आहे. स्विच बंद आहे, म्हणजे करंट शून्य. बल्बला ओहमचा नियम लावा : शून्य करंट गुणिले रोध, बल्बवरचं व्होल्टेज शून्य. बल्बच्या दोन्ही बाजूंमध्ये काही फरकच नाही, म्हणजे बल्बची स्विचकडची बाजू थेट सेलच्या ऋण टोकाच्याच पातळीवर आहे. स्विचची दुसरी बाजू धन टोकाच्या पातळीवर. मग पूर्ण तीन व्होल्टचा फरक दिसणार कुठे? स्विचच्या फटीवर. स्विच चालू केला की त्याचा रोध जवळजवळ शून्य होतो, आणि ०.३ अँपिअर गुणिले शून्य म्हणजे शून्य. ते तीन व्होल्ट आता बल्बवर दिसतील, मोजून बघा. करंट नसताना व्होल्टेज असू शकतं आणि व्होल्टेज जवळजवळ नसतानाही करंट असू शकतो. ज्याला हे पटलं त्याला दोन राशी खऱ्या अर्थाने वेगळ्या झाल्या.

बिघाड शोधायची रीतही यातूनच निघते. बॅटरी जोडलेली आणि स्विच चालू असताना बल्ब लागत नसेल, तर काळा प्रोब सेलच्या ऋण टोकाला धरून ठेवा आणि लाल प्रोब धन टोकापासून सुरू करून एकेका जोडावर टेकवत पुढे जा. तीन, तीन, तीन, आणि अचानक शून्य आलं, की तुटलेली जागा त्या शेवटच्या दोन टेकवण्यांच्या मधे. बहुतेकदा ती होल्डरच्या तळाची पट्टी असते, नाहीतर तारेचं आवरण नीट न सोलल्यामुळे क्लिप प्लॅस्टिकवर बसलेली असते. शून्य नेमकं बल्बच्या पलीकडे गेल्यावर आलं तर बल्बच उडालेला किंवा होल्डरला टेकत नसलेला. आणि चालू स्विचवर किंवा एखाद्या जोडावर ०.४-०.५ व्होल्ट दिसले, तर तिथे गंज किंवा सैल जोड आहे. खेळण्यात त्याने बल्ब फक्त मंद होतो. मोठ्या करंटला तोच सैल जोड आग लावतो : अर्धा ओहमचा जोड आणि दहा अँपिअर करंट म्हणजे त्या जोडावर पाच व्होल्ट, आणि पाच गुणिले दहा, पन्नास वॉट उष्णता, तीही प्लगच्या एवढ्याशा जागेत. हीटरचा प्लग तापत असेल, काळा पडला असेल, तर तो वापरणं थांबवा आणि जाणकार वायरमनकडून बदलून घ्या.

एलईडी का गेला

एलईडी हा बल्ब नव्हे आणि त्याला ओहमचा नियम लावून चालत नाही. लाल एलईडी साधारण १.८ व्होल्टपर्यंत जवळजवळ काहीच करंट घेत नाही. दोन व्होल्टच्या आसपास तो नीट पेटतो आणि त्यावर काही दशांश व्होल्ट वाढले तरी करंट कित्येक पटींनी वाढतो. नेहमीच्या ५ मिलिमीटरच्या एलईडीला २० मिलिअँपिअर ही मर्यादा. नऊ व्होल्टच्या बॅटरीला तो थेट लावला तेव्हा करंट रोखायला बॅटरीच्या आतल्या रोधाशिवाय जवळजवळ काहीच नव्हतं.

म्हणून जोडीला रोधक हवा, आणि त्याचं गणित एका ओळीचं आहे. नऊतून एलईडीचे दोन गेले, उरले सात व्होल्ट. ते रोधकाने घ्यायचे. करंट १५ मिलिअँपिअर पुरे. सात भागिले ०.०१५ म्हणजे ४६७ ओहम. बाजारात मिळणारा जवळचा आकडा ४७०. रोधकात खर्च होणारी शक्ती सात गुणिले ०.०१५, साधारण ०.१ वॉट, तेव्हा पाव वॉटचा रोधक निवांत चालतो. रोधकाचा आकडा त्यावरच्या रंगीत पट्ट्या सांगतात; चार पट्ट्यांच्या ४७० ओहमवर पिवळा, जांभळा, तपकिरी आणि सोनेरी असे रंग असतात. चूक होते ती तिसऱ्या पट्टीत. तपकिरीऐवजी काळा असेल तर तो ४७ ओहमचा : करंट १५० मिलिअँपिअर आणि दुसराही एलईडी गेला. लाल असेल तर ४७०० : दीड मिलिअँपिअर, एलईडी मिणमिणेल. पिवळ्या उजेडात तपकिरी आणि लाल रंग सहज चुकतात, म्हणून लावण्याआधी प्रत्येक रोधक मीटरने मोजा. पांढरा किंवा निळा एलईडी ३.२ व्होल्टच्या आसपास घेतो, त्याला नऊ व्होल्टवर ३९० ओहम. लाल एलईडी दोन सेलच्या तीन व्होल्टवर चालवायचा तर ६८ ओहम.

एलईडीचा लांब पाय धन टोकाकडे. पाय कापले गेले असतील तर एलईडीच्या प्लॅस्टिकच्या कडेला जिथे सपाट चपटी बाजू आहे तो पाय ऋण. उलटा लावला तर तो पेटत नाही, रोधक असताना सहसा बिघडतही नाही; पाय फिरवून लावा. रोधक एलईडीच्या आधी लावू की नंतर, असा प्रश्न हमखास येतो. कुठेही लावा. फेरा एकच आहे, करंट सगळीकडे तोच आहे; दोरी कुठेही आवळली तरी सगळीच मंदावते. मुलीला दोन्ही बाजूंना लावून मीटरवर बघायला सांगा. तीन एलईडी एकसर लावायचे असतील तर नवातून सहा गेले, उरले तीन, २२० ओहम. पण तीन एलईडी समांतर जोडून सगळ्यांना मिळून एकच रोधक देऊ नका. त्यांचं पेटायचं व्होल्टेज थोडं थोडं वेगळं असतं, ज्याचं सगळ्यात कमी तो बहुतेक करंट ओढून घेतो आणि तापतो; तापल्यावर आणखी ओढतो. समांतर हवेच असतील तर प्रत्येकाला वेगळा रोधक.

ब्रेडबोर्ड (तारा आणि पाय नुसते खोचून सर्किट जोडायची भोकांची पाटी) वापरणार असाल तर एकच इशारा : मधल्या भागातली एका ओळीतली पाच भोकं आतून जोडलेली असतात. एलईडीचे किंवा रोधकाचे दोन्ही पाय त्याच ओळीत खोचले तर ते आतल्या आत शॉर्ट झाले आणि करंट त्या वस्तूतून जाणारच नाही. कडेच्या लांब पट्ट्याही काही बोर्डांवर मध्यावर तुटलेल्या असतात, मीटरने खात्री करा.

हे सगळं साध्या दीड व्होल्टच्या सेलवर आणि नऊ व्होल्टच्या बॅटरीवरच करा. मोबाइलची किंवा लॅपटॉपची लिथियम बॅटरी, गाडीची बॅटरी प्रयोगाला घेऊ नका; त्यांचा आतला रोध इतका कमी असतो की चुकून टोकं जुळली तर तार लाल होऊ शकते आणि लिथियम पेट घेऊ शकतो. नऊ व्होल्टची बॅटरी सुट्ट्या तारा, नाणी, स्टीलवूल यांच्याबरोबर एका डब्यात ठेवू नका, तिची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात आणि सहज शॉर्ट होतात. भिंतीतल्या सॉकेटमध्ये मीटरचा प्रोब घालायचा नाही, 'फक्त एकदा बघू' म्हणूनही नाही. शरीरातून गेलेले तीस-चाळीस मिलिअँपिअरही जिवावर बेतू शकतात, म्हणजे एका एलईडीला लागतो त्याच्या आसपासचाच करंट. नऊ व्होल्टच्या बॅटरीला कोरडी त्वचा पुरेशी अडवते. घरातल्या विजेला ती पुरी पडत नाही, ओली असेल तर मुळीच नाही.

शेवटी तिच्यासाठी एक कोडं देते, तीन बल्ब आणि दोन नव्या सेलचं. एक बल्ब 'क' एकसर. त्याच्या पुढे 'ख' आणि 'ग' एकमेकांना समांतर. आधी कागदावर तिने लिहायचं : कोण किती पेटेल, आणि 'ग' होल्डरमधून काढला तर 'क' आणि 'ख' यांचं काय होईल. मगच जोडायचं. 'क' जवळजवळ पूर्ण पेटेल, 'ख' आणि 'ग' जेमतेम लालसर, कदाचित दिसणारही नाहीत. 'ग' काढला की 'ख' उजळेल आणि 'क' मंद होईल. बहुतेक जण इथे अडतात : 'क' तर आधी येतो, पुढे काढलेल्या बल्बची खबर त्याला कशी लागली? वाट एक कमी झाली, फेऱ्याचा रोध वाढला, सगळा करंट घटला. 'क' मधून तोच करंट जातो, म्हणून तो मंदावला. 'ख' ला मात्र आधी निम्माच करंट मिळत होता, आता सगळा मिळतो. तिने 'ग' काढण्याआधी आणि नंतर तिन्ही जागांचं व्होल्टेज लिहून घ्यावं : सेलवर, 'क' वर, 'ख' वर. दोन्ही वेळा बेरीज जुळते का तेवढं बघा. जुळली नाही तर एखादी क्लिप सैल असणार, त्या जोडावरचं व्होल्टेज मोजा, हरवलेला आकडा तिथेच सापडेल.

आणि मीटर ठेवून देताना लाल प्रोब दहा अँपिअरच्या सॉकेटमधून काढून व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावा आणि नॉब 'ऑफ'वर आणा.